तीन शब्दांचं भाषांतर

शुक्रवारी दुपारी दोनला पाच कमी असताना दक्षिण कोरियातल्या सुनचॉनच्या पोलीस ठाण्यात फोन वाजला.

"आमची परदेशी शिक्षिका काहीतरी खाऊन कोसळली," पलीकडची बाई म्हणाली. "या तुम्ही. पण मागच्या जिन्याने या. पुढून पालक येतात."

इन्स्पेक्टर योम सुक-ही पुढच्याच जिन्याने गेली. लिफ्ट बंद होती. एकोणपन्नास वर्षांचे गुडघे कुरकुरत होते, आणि 'डॉल्फिन इंग्लिश' नावाची ती शिकवणी चौथ्या मजल्यावर होती. दारातच संचालिका मिनबाई उभी होती. रेशमी झगा, छातीवर पंधरा मेच्या शिक्षकदिनाचं कागदी फूल, आणि कपाळावर आठ्या.

"पुढूनच आलात?"

"तोच जिना दिसला. बाई कुठे आहेत?"

"दवाखान्यात. आमच्या ड्रायव्हरने खांद्यावर टाकून खाली नेली. जगेल म्हणतात. अडीचला पहिला वर्ग आहे, इन्स्पेक्टरसाहेब. तोवर आटपेल ना?"

योम आत शिरली.

शिक्षकांच्या खोलीत चार टेबलं होती. तीन नीटनेटकी. चौथ्याचा खण उपडा केलेला, फळ्यावर लिहायचे रंगीत मार्कर जमिनीभर विखुरलेले. टेबलावर पालकांनी दिलेल्या भेटवस्तूंचा ढीग, आणि मधोमध एक उघडा खोका. त्यात इन्जोल्मी होत्या, भाजलेल्या सोयाबीनच्या पिवळ्या पिठात घोळवलेल्या तांदळाच्या मऊ वड्या. तीन वड्यांची जागा रिकामी होती. खोक्यावर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी: 'थँक यू पॉर युअर हार्ड वर्क. प्रॉम अ मदर.'

आभाराची चिठ्ठी, एका आईकडून. 'एफ'च्या जागी दोन्हीकडे 'पी'.

"ही आई कोण?" योमने विचारलं.

"काय माहीत! सकाळपासून रीघ लागलीय. कोणी काय ठेवलं, कोण बघतं?"

"कॅमेरा?"

"जिन्यातला? वर्षभर बंद आहे. घरमालक कवडीचुंबक."

कोपऱ्यातल्या फ्रिजवर कोरियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कागद चिकटवला होता: 'थांदेकाला शेंगदाणा चालत नाही. जिवावर बेतेल.' म्हणजे शिकवणीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. योमने वडीवरचं थोडं पीठ बोटावर घेऊन हुंगलं. सोयाबीनच्या वासाखाली दुसरा एक तेलकट वास होता.

"खोका सील करा," ती शिपायाला म्हणाली.

थांदेका मबूझा ही दक्षिण आफ्रिकेची. तिथल्या माध्यमिक शाळेत नऊ वर्षं शिकवून गेल्या सप्टेंबरात इथे आलेली. तिची सवय अशी की दुकानाची पाटी असो की सहलीची सूचना, चूक दिसली की हात शिवशिवायचे. मिनबाई नाक मुरडून म्हणाली, "हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा तपासून देते. लोकांना आवडतं का असं?"

"त्यांना आधी कोणी धमकावलं होतं?"

उत्तर दिलं सोल ह्ये-रिनने. ती तिथली एकमेव कोरियन शिक्षिका, तिशीची, धारदार जिभेची.

"तीन पत्रं आली होती. पहिलं फेब्रुवारीत. मिनबाईंनी खणात कोंबून ठेवलीत. पालकांच्या कानावर जायला नको ना!"

पत्रं बाहेर आली. तिन्हींवर मोठ्या सुट्या अक्षरांत इंग्रजी. शेवटचं योमने सावकाश, ओठ हलवत वाचलं.

'यू आर अ शेम टू द सिटी. यू मेड माय सन स्टँड पॉर ॲन अवर. द पॅमिलीज आर वॉचिंग. गो बॅक टू आप्रिका.'

तू या शहराला कलंक आहेस. माझ्या मुलाला तासभर उभं केलंस. सगळी कुटुंबं बघताहेत. जा परत आफ्रिकेला.

"तुम्हाला इंग्रजी येतं?" सोलने भुवई उंचावली.

"परीक्षेपुरतं. बढतीच्या परीक्षेत चारदा नापास झालेय," योम म्हणाली. "मुलाला उभं केलं होतं का खरंच?"

"वर्गाबाहेर, दहा मिनिटं. पोरगा घरी जाऊन तासभर म्हणाला असेल. पण सांगते ऐका, हे अक्षर-बिक्षर बघत बसू नका. माणूस तुमच्या नाकासमोर आहे." तिने जिन्याकडे बोट केलं. "ड्रायव्हर प्यो. व्हॅनमध्ये सिगारेट ओढतो म्हणून थांदेकाने तक्रार केली. गेल्या आठवड्यात फाटकाशी, सगळ्या आयांसमोर ओरडला तिच्यावर. 'आपल्या देशात जा' म्हणाला."

"आज ती कोसळली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. तिने तीन वड्या खाल्ल्या, गळा धरला आणि खण उपसायला लागली. मार्कर इकडेतिकडे फेकले. मला वाटलं डोकं फिरलं. मग तोंड सुजलं आणि पडली."

"तुम्ही काय केलंत?"

सोलने नजर वळवली. "किंचाळले."

प्यो जिन्यात बसला होता. अठ्ठावन्न वर्षांचा, आडवा बांधा, शर्टाची पाठ घामाने अजून ओली.

"तुम्ही तिला परत जा म्हणालात, प्योकाका?"

"म्हणालो. रागात माणूस काय काय म्हणतो."

"पत्रं लिहिलीत?"

"इंग्रजीत? मला माझं नावसुद्धा इंग्रजीत धड लिहिता येत नाही."

"कोणाकडून लिहून घेता येतं."

प्योने मान वर केली. डोळे लाल होते. "चार मजले खांद्यावरून उतरवलंय तिला, मॅडम. मारायची असती तर तिसऱ्या मजल्यावर दम लागला तेव्हा खाली ठेवली असती. डॉक्टर म्हणाला, पाच मिनिटांचा फरक होता."

"सकाळी दार कोणी उघडलं?"

"मीच. किल्ली माझ्याकडे असते. माझ्या मागोमाग ग्लेनसर आले."

ग्लेन हॉस्किन हा तिथला मुख्य शिक्षक. कॅनडाचा. उंच, चाळिशी ओलांडलेला. अकरा वर्षं या गावात काढल्यामुळे कोरियन अशी बोलायचा की पाठमोरा असला तर कोणालाही गावकरीच वाटावा. त्याने योमला खुर्ची दिली, बार्लीचा गार चहा दिला.

"प्यो वाईट माणूस नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण जुन्या वळणाचा. एक काळी बाई आपली तक्रार करते, हे त्याला पचलं नाही. त्याचा पुतण्या थोडंफार इंग्रजी लिहितो, असं ऐकलंय. मी काही म्हणत नाही हं."

"म्हणताच आहात की."

ग्लेन हसला. त्याच्यामागच्या भिंतीवर सगळ्या शिक्षकांच्या पदव्या काचेच्या चौकटींत लावल्या होत्या. एका जागी नुसता खिळा होता, खाली फिकट चौकोन.

"हे कोणाचं?"

"माझं. काच तडकली म्हणून काढलं."

मिनबाईच्या टेबलावर नव्या जाहिरातपत्रकाचा नमुना पडला होता. प्रत्येक शिक्षकाचा फोटो, शेजारी पदवीचं चित्र. ग्लेनच्या शेजारची जागा कोरी होती. योमने पान उलटलं. मागे थांदेकाच्या हस्ताक्षरात लाल शाईने दुरुस्त्या होत्या.

"वीस तारखेला छापायला जायचंय," मिनबाई कळवळून म्हणाली. "सगळं तिच्यावर सोपवलं होतं मी. आता कोण बघणार?"

शनिवारी सकाळी थांदेकाला शुद्ध आली. सरकारी दुभाषा ग्वांगजूहून सोमवारी येणार होता. ग्लेन आपणहून म्हणाला, "मी येतो ना!" योमला दुसरा इलाज नव्हता.

थांदेकाचा चेहरा सुजलेला होता, आवाज फाटक्या कागदासारखा. योमने कोरियनमध्ये विचारलं, "तुम्हाला कोणाचा संशय आहे का?" ग्लेनने ते इंग्रजीत सांगितलं. थांदेकाने ओठ हलवले. जेमतेम तीन शब्द. शेवटचा योमला कळला: 'पेन.'

ग्लेन म्हणाला, "ती म्हणते, फार थकलेय. ड्रायव्हरने मागे धमकी दिली होती, त्याची भीती वाटते. त्याला इथे येऊ देऊ नका."

"एवढं सगळं?"

"इंग्रजी आटोपशीर भाषा आहे, मॅडम."

योमने खिशातलं बॉलपेन काढून थांदेकाच्या हातात दिलं, वही पुढे धरली. थांदेकाने पेनाकडे पाहिलं, योमकडे पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. पेन तिने चादरीवर ढकलून दिलं.

"ती गोंधळलीय," ग्लेन म्हणाला. "औषधांचा परिणाम."

त्याच दुपारी तिचा गळा पुन्हा सुजला आणि डॉक्टरांनी तिला झोपेचं औषध देऊन घशात श्वासाची नळी घातली. सोमवारपर्यंत बोलणं बंद.

बाहेर मात्र बोलणं चालू होतं. रविवारी सकाळी प्योच्या व्हॅनच्या काचेवर कोणीतरी अंडी फोडली. दोन आयांनी ठाण्यात येऊन योमला विचारलं, "खुनी माणसाच्या गाडीत पोरं बसवायची का आम्ही?" वरिष्ठांचा फोन आला: ड्रायव्हरला आत घ्या, प्रकरण मिटवा.

योमने आत घेतलं नाही. तिने सगळ्यांना शिकवणीत बोलावलं आणि लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला.

"मी एक वाक्य सांगते. तुम्ही इंग्रजीत लिहा. 'मी मित्राची तासभर वाट पाहिली, पण बस आली नाही.'"

"ही काय पोरखेळाची वेळ आहे?" सोल फणकारली.

"लिहा."

प्योने आपलं नाव लिहिलं, तेही एक अक्षर उलटं, आणि पेन खाली ठेवलं. मिनबाई घामाघूम होऊन सहा शब्दांवर थांबली. इंग्रजीच्या शिकवणीची मालकीण, आणि सहा शब्द! सोलने दोन ओळी खरडल्या. ग्लेनने हसत हसत लिहिलं. तरुण आयरिश शिक्षिका ऑर्लाला ग्लेनने वाक्य समजावलं, तिनेही लिहिलं. योमने कागद वाचले. 'फ्रेंड' आणि 'फॉर'मधला 'एफ' लिहिणाऱ्या सगळ्यांनी बरोबर लिहिला होता. ती काही न बोलता कागद खिशात घालून उठली.

"ऑर्ला, तू थांब," तिने खुणेने सांगितलं. बाकीचे गेले.

ऑर्ला मार्चअखेर आलेली, थांदेकाबरोबर एकाच घरात राहणारी. तिला कोरियन येत नव्हतं, योमला इंग्रजी बोलता येत नव्हतं. पोरीचा चेहरा रागाने तापला होता. ती फाडफाड काहीतरी बोलली. योमला त्यातलं 'पोलीस' आणि 'स्टुपिड' तेवढं कळलं.

"थांदेका," योम म्हणाली. तिने गळा धरल्याचा, खण उपसल्याचा अभिनय केला. "व्हाय?"

ऑर्ला उठली. थांदेकाचा रिकामा खण तिने पुढे ओढला. "नो पेन," ती म्हणाली. मग मूठ वळून तिने स्वतःच्या मांडीवर खाडकन मारली, सुई टोचतात तशी. "पेन! पेन!" नंतर तिने स्वतःकडे बोट केलं, ग्लेनच्या टेबलाकडे केलं, आणि पुन्हा मांडीवर मूठ मारून दाखवली. 'थांदेकाने आम्हा दोघांना शिकवलं होतं,' असं तिला सांगायचं होतं.

योमला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि तिने लगेच ठाण्यात फोन लावला.

सोमवारी दुपारी दोन वाजता सगळे पुन्हा त्याच वर्गात जमले. या वेळी दारात दोन शिपाई होते. ऑर्लाच्या शेजारी ग्वांगजूहून आलेला दुभाषा बसला. योम उभी राहिली.

"पत्रांपासून सुरुवात करते. पत्रं वाचून सगळ्यांना एकच वाटलं, लिहिणारा कोरियन आहे. आपल्याला 'फ' म्हणता येत नाही, आपण 'प' म्हणतो. खरं आहे. मीही 'पॅमिली'च म्हणते. पण लिहिताना?" तिने कागद टेबलावर ठेवले. "मिनबाईंनी सहा शब्द लिहिले, त्यातही 'एफ' बरोबर. सोलबाईंचाही बरोबर. आपण इंग्रजी कानांनी शिकत नाही, डोळ्यांनी शिकतो. शब्द घोकून घोकून पाठ करतो. बोलताना चुकू, स्पेलिंगमध्ये नाही चुकणार. ज्याने हे पत्र लिहिलं, त्याने आपल्याला वर्षानुवर्षं बोलताना ऐकलंय आणि मनातल्या मनात हसलाय. त्याने आपलं बोलणं लिहून काढलं, आपलं लिहिणं नाही."

सोल ताठ बसली.

"मग आपण कुठे चुकतो? 'अ', 'ॲन' आणि 'द'मध्ये. आपल्या भाषेत ते नाहीतच. त्यांच्यापायी मी चारदा नापास झालेय, मला विचारा! मिनबाईंच्या वाक्यात त्यातलं एकही नाही. सोलबाई, राग मानू नका, तुम्ही 'अ अवर' लिहिलंत."

सोलचे कान लाल झाले.

"या पत्रांत 'द' आणि 'अ' जिथल्या तिथे आहेत. एकही चूक नाही. आणि 'ॲन अवर'! 'अवर'ची सुरुवात 'एच'ने होते, पण तो उच्चारत नाहीत, म्हणून 'ॲन'. ज्याला 'फॉर' लिहिता येत नाही, त्याला हे येतं? असा माणूस जन्माला यायचाय. पत्र लिहिणारा इंग्रजीतच वाढलेला आहे. असे इथे दोघे. ऑर्ला मार्चअखेर आली, पहिलं पत्र फेब्रुवारीत आलं."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. ग्लेन हाताची घडी घालून बसला होता.

"व्याकरणावरून माणूस पकडता, मॅडम?"

"नाही, पेनावरून. थांदेकाच्या खणात मार्करांमध्ये एक ॲलर्जीच्या झटक्यावरचं इंजेक्शन असायचं, मांडीत टोचायचं. इंग्रजीत त्याला पेनच म्हणतात. मला ठाऊक नव्हतं. मिनबाईंना, सोलबाईंना, प्योकाकांना ठाऊक नव्हतं. ती खण उपसत होती तेव्हा सोलबाईंना ते वेड वाटलं. ते पेन आधीच कोणीतरी काढून नेलं होतं. दवाखान्यात ती तीन शब्द बोलली: 'माझं पेन कुठंय?' तुम्हाला तर तिनेच ते वापरायला शिकवलं होतं, ग्लेनसर. त्या तीन शब्दांचं भाषांतर तुम्ही ड्रायव्हर, धमकी आणि भीती असं केलंत. मी तिला बॉलपेन दिलं, तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता. एक शब्द बोलला नाहीत."

प्यो अर्धवट उठला. शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काल संध्याकाळी तुमच्या घराची झडती झाली. कॉफी दळायच्या यंत्रात शेंगदाण्याची भुकटी निघाली. कपाटामागे तुमची पदवी सापडली. काच कुठेच तडकलेली नाही. पण 'लिटरेचर' या शब्दात एक 'टी' जास्त आहे. विद्यापीठाला विचारलं. सकाळी उत्तर आलं: या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे कधीच नव्हता."

मिनबाईच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. "अकरा वर्षं? अकरा वर्षं मी पालकांना..."

"जानेवारीत थांदेकाने ती चूक पाहिली आणि तुम्हाला सांगितली. तुम्ही पत्रं लिहून तिला हाकलायला बघितलंत. ती गेली नाही. मग जाहिरातपत्रक निघालं. पदव्या छापायच्या, आणि तपासणार कोण, तर तीच. तिने पुन्हा विचारलं. शिक्षकदिनाच्या सकाळी भेटींच्या ढिगात एक खोका वाढला, तर कोणाच्या लक्षात येणार?"

ग्लेनचं हसू मावळलं. तो बोलला तेव्हा त्याची कोरियन पहिल्यांदाच अडखळली.

"तुम्हाला काय माहीत! मी या गावात चार हजार पोरं शिकवलीत. पदवी नव्हती म्हणून एकाचं तरी वाईट झालं? आणि ती येते, आठ महिने होत नाहीत तोवर माझ्या चौकटीवर बोट ठेवते. 'वीस तारखेपर्यंत नवी आण.' तारीख देत होती मला! मान दाबत होती. ती मला संपवणार होती."

योमने टेबलावरचा एक कागद उचलला. खाली थांदेकाची थरथरती सही होती.

"आज सकाळी नऊ वाजता तिची नळी काढली. हा दुभाषा तिथे होता. मी तिला विचारलं, ग्लेनची पदवी खोटी आहे, हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं का?"

"मग? कोणाकोणाला सांगितलं?"

"तिला प्रश्नच कळला नाही. दोनदा विचारावा लागला." योमने कागद वाचला. "'खोटी? मला वाटलं, विद्यापीठाच्या छापखान्याने चूक केलीय. त्याच्या मेहनतीच्या पदवीवर अशी चूक राहावी, याचं वाईट वाटलं. म्हणून म्हटलं, त्यांच्याकडून दुरुस्त प्रत मागवून घे, जाहिरातीत छान दिसेल.'"

खाली रस्त्यावर बदली ड्रायव्हरने आणलेली पहिली व्हॅन येऊन थांबली, मुलांचा गलका जिन्यात शिरला.

"नाही," ग्लेन म्हणाला. मग इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" योमने दुभाष्याला विचारलं.

दुभाष्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"विचारतोय, ती खरंच असं म्हणाली का."

"हो म्हणून सांगा," योम म्हणाली आणि शिपायांना पुढे यायची खूण केली.